चार दिवसांत ट्रिनिदाद: आधी व्हिसाचं, मग डबल्सचं

न्यू जर्सीत एमएस चालू, मार्चच्या सुट्टीतले चार दिवस हातात, पासपोर्टवरचा एफ-1 (विद्यार्थी) व्हिसा संपलेला, खाणं शाकाहारी आणि ट्रिनिदाद-टोबॅगो दोन्ही बेटं बघायची हौस. जमेल का, असं तुझं विचारणं आहे. वयाने बरीच मोठी आहे म्हणून एकेरीवर येतेय, राग मानू नकोस. जमेल. फक्त टोबॅगो सोडून दे.

मी विद्यार्थिनी असताना 2014 साली असेच चार दिवस काढून गेले होते आणि त्यातला दीड दिवस टोबॅगोच्या बोटीपायी घालवला. साडेतीन-चार तासांचा प्रवास, समुद्र खवळलेला, पोटात ढवळलेलं. तिकडे पोचून काय केलं, तर झोपले. टोबॅगोचे किनारे सुंदर आहेत, वाद नाही, पण ट्रिनिदादसारखं बेट दुसरीकडे मिळायचं नाही.

आता व्हिसा. भारतीय पासपोर्टवर ट्रिनिदादला पर्यटक म्हणून 90 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता विचारतात, तो छापून जवळ ठेव. खरी गोम परत येण्यात आहे. एफ-1 वाल्यांना व्हिसा संपलेला असला तरी कॅनडात, मेक्सिकोत आणि (एक क्यूबा सोडून) आजूबाजूच्या बेटांवर 30 दिवसांच्या आत जाऊन परत येता येतं. त्या बेटांत ट्रिनिदाद मोडतं. आय-20 वर, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर, प्रवासाची सही एका वर्षाच्या आतली हवी, आय-94, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद, चालू हवा (निघण्याआधी त्याची प्रत छापून घे), आणि तिकडे असताना नव्या व्हिसासाठी अर्ज करायचा नाही. पनामामार्गे स्वस्त तिकीट दिसेल, त्याच्या नादी लागू नकोस. पनामा ना शेजारचा देश, ना बेट. न्यूयॉर्कहून थेट विमान आहे, पाचेक तासांत पोचतं. आणि हे सगळं मी सांगितलं म्हणून नको, निघण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन ताजी स्थिती विचार.

नियम असला म्हणजे तो सगळ्यांना ठाऊक असतोच असं नाही. परतताना पियार्को विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट उघडला, व्हिसाची तारीख बघितली आणि शांतपणे मिटून बाजूला ठेवला. "यू कान्ट फ्लाय." मागे रांग वाढतेय, माझ्या तळहातांना घाम. पर्समध्ये त्या नियमाचं छापील पान होतं म्हणून वाचले. अमेरिकी नियमावलीत 22 सीएफआर 41.112(डी) असा त्याचा क्रमांक आहे, तुझ्याकडेही छापलेला असू दे. तिचा साहेब आला, कुठेतरी फोन झाला आणि चाळीस मिनिटांनी बोर्डिंग पास हातात पडला. न्यूयॉर्कला अधिकाऱ्याने मात्र दोन मिनिटांत शिक्का मारला. तेव्हा परतीच्या दिवशी विमानतळावर तीन तास आधी जा.

जाता जाता आणखी एक. ट्रिनिदाद पीतज्वराच्या यादीत आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणार असशील तर लशीचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विलगीकरणात बसवतात. मे महिन्यात घरी जाणार असशील तर प्रश्न नाही.

राहायला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये वुडब्रुक किंवा सेंट क्लेअर भाग बघ. एका अमेरिकी डॉलरला साधारण पावणेसात टीटी (ट्रिनिदाद-टोबॅगोचे) डॉलर मिळतात. फिरायला मॅक्सी, म्हणजे आपल्याकडच्या वडापचीच शिस्तशीर बहीण. पांढरी व्हॅन, तिच्यावर रंगाचा पट्टा, पट्ट्यावरून मार्ग कळतो. दक्षिणेकडे जायचं तर सिटी गेट या शहरातल्या स्थानकावरून हिरवा पट्टा, पूर्वेला लाल. टॅक्सीच्या नंबरप्लेटवर एच असायला हवा. पी असलेल्या खासगी गाड्याही बोलावतात, त्यांत बसायचं नाही. गुन्हेगारीचा प्रश्न खरा आहे, 2024 च्या डिसेंबरअखेर तिथे आणीबाणीसुद्धा लावली होती. अंधार पडल्यावर मॅक्सी नको, पायी भटकणं तर नकोच. माहितीतला ड्रायव्हर ठरवून घे.

खाण्याची काळजी तुझ्यासारख्यानेच करू नये अशी ही जागा. सकाळी रस्त्याच्या कडेला डबल्सवाला गाठायचा. हळद घातलेल्या, तळलेल्या दोन मऊ पुऱ्या, त्यांना 'बारा' म्हणतात, म्हणजे आपला वडाच शब्दाने. त्यावर पळीभर चण्याचं कालवण, चिंचेची चटणी, काकडी, आणि शाडो बेनी नावाच्या कोथिंबिरीच्या वासाच्या पाल्याची चटणी. कागदात गुंडाळून, दोन टोकं पिळून गरमागरम हातात. तिखट किती, असं विचारेल, तेव्हा "स्लाइट" म्हण. कोल्हापूरची असल्याच्या तोऱ्यात मी "फुल" म्हणाले होते आणि उरलेली सकाळ नाक पुसत काढली. अमेरिकी डॉलर-सव्वा डॉलरात नाश्ता उरकतो. डबल्सवाल्याकडे सहिना दिसला तर सोडू नकोस. अळूची पानं आणि डाळीचं पीठ, अळूवडीची दूरची मावसबहीणच ती.

एक अख्खा दिवस मध्य ट्रिनिदादला दे. हिरव्या पट्ट्याच्या मॅक्सीने चाग्वानास, तिथून टॅक्सीने कारापिचायमा आणि वॉटरलू. वाटेत घराघरांपुढे बांबूवर लाल-पिवळ्या झेंड्या दिसतील, पूजा झाली की लावतात. 30 मे 1845 ला फातेल रझाक हे पहिलं जहाज उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन आलं, तिथून 1917 पर्यंत हे चाललं. बहुतेक माणसं बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, त्यामुळे मराठी ओळखीचं काही शोधू नकोस. तरी कारापिचायमाला दत्ताचं देऊळ आहे आणि समोर 85 फुटी हनुमान. दत्तभक्त घरातून आलेली मी, इतक्या लांब दत्तात्रेयांना बघून गप्पच झाले.

वॉटरलूचं समुद्रातलं मंदिर मात्र गोष्ट ठाऊक असल्याशिवाय बघू नये. सिवदास साधू नावाच्या मजुराने 1947 मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जागा निघाली साखर कंपनीची. त्याला तुरुंगात टाकलं आणि 1952 मध्ये देऊळ पाडलं. जमीन तुमची, समुद्र तर कुणाचा नाही, असं म्हणत हा गडी सायकलला बादल्या अडकवून दगडमाती समुद्रात टाकत राहिला, वर्षानुवर्षं, एकटा. आज दिसतं ते मंदिर 1995 च्या सुमारास नव्याने उभं राहिलंय. ओहोटीला गेलीस-गेलास तर दोन्ही बाजूंना नुसता चिखल आणि त्यात चरणारे पक्षी, शेजारी किनाऱ्यावर स्मशान. देवळात मी एकटीच होते आणि बाहेर एक चिता विझत आली होती.

त्याच दिवशी संध्याकाळी कारोनीची दलदल जमवता येते. दुपारी चारच्या सुमारास होड्या सुटतात, आधी नाव नोंदव. तिन्हीसांजेला लाल आयबिस पक्षी थव्याने झाडांवर उतरतात, हिरवं झाड बघता बघता कुंकू उधळल्यासारखं होतं. हा रंग त्यांना खेकडे-कोळंबी खाऊन येतो, पिल्लं राखाडीच असतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, डास फाडून खातात. परतायला अंधार होतो, ड्रायव्हर इथे लागेलच.

माराकासचा किनारा अर्ध्या दिवसाचा, लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नकोस. तिथलं प्रसिद्ध खाणं शार्क भरलेला पाव, तेव्हा तुला नारळपाणी.

उरलेला वेळ क्वीन्स पार्क ओव्हलला. मार्च 1971 मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं ते याच मैदानावर. सरदेसाईंचं शतक, आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या गावसकरांच्या 65 आणि नाबाद 67. महिन्याभराने तिथेच त्यांनी 124 आणि 220 काढल्या. सामना नसला तर दारावरच्या रखवालदाराशी नीट बोल. मला त्याने दहा मिनिटं आत सोडलं, मुंबईचं नाव काढल्यावर.

आणि बॅग भरताना बघ, लष्करी छापाची टोपी, टी-शर्ट, पँट काहीही नको. तिथे कायद्याने बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात.