फॉलआउटला 'किरणोत्सर्गी पाऊस' म्हणू नका हो!

प्रश्न असा आलाय: पावसाचं पाणी गोळा करून अणुस्फोटाचा फॉलआउट (स्फोटानंतर हवेतून खाली येणारं किरणोत्सर्गी द्रव्य) मोजायच्या पद्धती तपासल्या, त्यावर मराठीत लिहायचंय, तर फॉलआउटला 'किरणोत्सर्गी पाऊस' चालेल का, आणि ज्यात पाणी धरतात त्या कलेक्टरला काय म्हणू?

नाही चालणार! हा 'किरणोत्सर्गी पाऊस' बातम्यांत ऐकून ऐकून कान किटलेत. अहो, फॉलआउट कोरडाही पडतो. शेजारी शेजारी दोन भांडी ठेवा, एक कायम उघडं आणि एकाचं झाकण फक्त पावसाला आपोआप उघडणारं. महिनाभर थेंब पडला नाही तरी उघड्या भांड्याच्या तळाशी धूळ असतेच, आणि त्या धुळीतही स्ट्रॉन्शियम-९०, सीझियम-१३७ अशी स्फोटातली किरणोत्सर्गी द्रव्यं असू शकतात. मग त्याला पाऊस कसं म्हणणार?

शब्द आहे 'अवपात', आणि तो झकास आहे. 'अव' म्हणजे खाली, ते सोडा, मजा 'पत्' धातूत आहे. संस्कृतात पत् म्हणजे पडणं आणि उडणंसुद्धा! त्यातूनच उडणारा पतंग, त्यातूनच पत्र म्हणजे आधी पंख आणि मग पान, उल्कापात त्यातलाच आणि आपलं साधं 'पडणं'ही. आता बघा, मोठ्या स्फोटाची धूळ आधी उडते, थेट स्ट्रॅटोस्फियरमध्ये, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात जाते, तिथे काही महिने ते वर्ष-दोन वर्षं फिरते आणि मग खाली येते, म्हणजे वर जाणं नि खाली येणं दोन्ही एकाच धातूत. इंग्रजी शब्दात नुसतं पडणं आहे, उडणं नाहीच. माझं तर म्हणणं आहे की अणुयुगासाठी इतका चपखल धातू दुसरा नाही, हसायचं तर हसा.

(आणि 'पाऊस'ही पत् वरूनच आला असं ठोकून देणारे भेटतात. साफ चूक. तो प्रावृष् वरून, प्राकृतातल्या 'पाउस' मार्गे आलाय.)

काही पंडित 'निक्षेप' सुचवतात. निक्षेप म्हणजे ठेव! सीझियम काय व्याजाला लावायचंय? दुसरे शुद्ध मराठीच्या हट्टापायी 'पडझड' म्हणतात, ती भिंतींची होते.

आणि 'पाण्यात किरणोत्सर्ग मिसळला' असंही लिहू नका. उत्सर्ग म्हणजे बाहेर टाकणं, ती क्रिया आहे, मिसळतं ते किरणोत्सर्गी द्रव्य. ते नुसतं मिसळून राहतही नाही, सीझियम भांड्याच्या भिंतींना चिकटतं, म्हणून आम्ल घालतात, भिंती धुऊन ते पाणीही मोजणीत धरतात, नाहीतर बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) प्रति चौरस मीटरचा आकडा कमीच येणार. नरसाळ्याखाली आयन-विनिमय रेझिनची, म्हणजे पाण्यातले विद्युतभारित कण धरून ठेवणाऱ्या मण्यांची नळी लावली तर पाणी वाहून जातं आणि हवं ते रेझिनमध्येच अडकतं, पण तिथेही नरसाळं धुवायचं राहिलं की तेच.

हां, कलेक्टर. 'संकलक' लिहा. कलेक्टर म्हटलं की लोकांना साहेब आठवतात.