व्हॅलिडेशन : वैधीकरण, प्रमाणीकरण की पडताळा?

नाशिकमधल्या एका आहारतज्ज्ञ ताईंचा प्रश्न आहे. माणसानं काय खाल्लं ते रक्त-लघवीतल्या ज्या रसायनांवरून कळतं, त्या बायोमार्करवर त्यांनी लेख लिहिला आणि मथळा दिला 'आहाराच्या बायोमार्करचे वैधीकरण'. संपादकांनी तो 'जैवनिर्देशकांचे प्रमाणीकरण' असा केला. बरोबर कोणतं?

ताई, मला दोन्ही पटत नाहीत. 'वैध' म्हटलं की कायदा आठवतो: वैध परवाना, अवैध वाळूउपसा. 'प्रमाणित' म्हटलं की दाखला. आपल्याकडचा शेतकरी प्रमाणित बियाणं मागतो, तेव्हा पिशवीवरची खूणचिठ्ठी बघतो. बायोमार्करला असा दाखला कुणी देत नाही. तो सांगतो ते माणसाच्या खऱ्या खाण्याशी जुळतं का, हे ताडून पाहतात. याला आपल्याकडे 'पडताळा' हा नेमका शब्द आहे. भागाकार केल्यावर शाळेत ताळा करायचो ना, त्याच कुळातला.

या शब्दाची मोठी सोय म्हणजे तो लगेच 'कशाशी?' असं विचारतो. वैधीकरण एकटं उभं राहू शकतं; पडताळ्याला दुसरी बाजू लागतेच, आणि या विषयाचा सगळा जीव त्या दुसऱ्या बाजूत आहे. आहारावर संशोधन करणाऱ्या शीला बिंगहॅम आणि जॉन कमिंग्ज यांचं १९८५ साली प्रसिद्ध झालेलं काम घ्या. आठ जणांना २८ दिवस देखरेखीखाली ठेवून त्यांचं नेहमीचंच जेवण दिलं, पण त्यातला नायट्रोजन मोजून; जेवणातला नायट्रोजन मुख्यतः प्रथिनांतूनच येतो. दिवसभराची लघवीही गोळा केली. खाल्लेल्या नायट्रोजनपैकी सुमारे ८१ टक्के लघवीत उतरला. म्हणून आज लघवीतल्या नायट्रोजनवरून माणसानं किती प्रथिनं खाल्ली याचा अंदाज बांधता येतो. इथे 'कशाशी?' याचं उत्तर स्वच्छ आहे: मोजून दिलेल्या जेवणाशी.

आता द्राक्षं. टार्टारिक आम्ल द्राक्षात भरपूर असतं, बाकीच्या बहुतेक फळांत फारसं नसतं, आणि खाल्ल्यावर त्यातलं थोडं लघवीत उतरतं. स्पेनमधल्या संशोधकांनी लोकांना ठरावीक मापानं वाइन पाजून पाहिलं, तर वाइन वाढली तसं लघवीतलं टार्टारिक आम्लही वाढलं. झाला पडताळा! पण हीच तपासणी निफाड-दिंडोरीत लावली तर? आपल्या आमटीत चिंच पडते, आणि चिंचेत टार्टारिक आम्ल ठासून भरलेलं असतं. द्राक्षाचा मणीही न खाल्लेला माणूस चिंचगुळाच्या आमटीवर द्राक्षं खाणारा ठरेल. तेव्हा कशाशी पडताळलं याच्या जोडीला कुणाच्या ताटावर पडताळलं, हेही वाक्यात आलं पाहिजे. 'प्रमाणित बायोमार्कर' लिहिलं की वाचकाला वाटतं, शिक्का बसला, आता कुठेही चालेल. माझा मुख्य आक्षेप यालाच आहे.

पारिभाषिकच शब्द हवा असेल तर मानसशास्त्राच्या आणि शिक्षणशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'सप्रमाणता' आहे, 'विश्वसनीयता'च्या जोडीनं. ही जोडी सांभाळा. त्याच नमुन्यावर पुन्हा मोजून तोच आकडा येणं ही विश्वसनीयता. तो आकडा खरोखर द्राक्षाचाच असणं ही सप्रमाणता. वरच्या उदाहरणात पहिली असेल, दुसरी नाही.

राहिला 'जैवनिर्देशक'. हा शब्द पर्यावरणवाल्यांचा आहे. हवा स्वच्छ आहे की नाही ते दगडफुलासारख्या सजीवांवरून ओळखतात, त्यांना तो शोभतो. (हो, गोडा मसाल्यातलंच दगडफूल.) लघवीतल्या रसायनाला तेच नाव दिलं तर घोटाळा होईल. 'बायोमार्कर' दवाखान्यातही रुळलाय, तो तसाच ठेवा.

मथळा मी असा देईन: 'काय खाल्लं ते सांगणारे बायोमार्कर आणि त्यांचा पडताळा'. आणि लेखात जिथे जिथे 'पडताळलेला' येईल, तिथे कशाशी आणि कुणात, ते त्याच वाक्यात लिहा.