'उत्तर-रॉक' की 'रॉकोत्तर'? आणि 'शांत' की 'निववणारे'?

प्रश्न असा आहे: दिवसभराचा शीण घालवायला पोस्ट-रॉक, म्हणजे रॉकच्या वाद्यांवरचे, बहुधा शब्दांविना वाजणारे संगीत, ऐकतो. या प्रकाराला मराठीत 'उत्तर-रॉक' म्हणावे का? आणि त्याला 'शांत संगीत' म्हटले तर चालेल का?

'उत्तर-रॉक' टाळावे. 'उत्तर' समासात कुठे बसतो यावर त्याचा अर्थ फिरतो. आधी आला की तो त्याच गोष्टीचा पुढचा भाग दाखवतो. उत्तर पेशवाई ही पेशवाईच, फक्त अखेरची. उत्तररात्र ही रात्रच. शेवटी आला की ती गोष्ट ओलांडलेली असते: स्वातंत्र्योत्तर, युद्धोत्तर. 'लोकोत्तर'मध्ये तर काळाचा संबंधच नाही, नुसते 'पलीकडचे'. 'उत्तर-आधुनिक' हा इंग्रजीच्या क्रमाने घडलेला अपवाद आता रूढ आहे, पण त्याचा कित्ता गिरवायचे कारण नाही.

संगीतातला अर्थही 'पलीकडचे' हाच आहे. १९९४ मध्ये ब्रिटिश समीक्षक सायमन रेनॉल्ड्स यांनी बार्क सायकोसिस या बँडच्या 'हेक्स' या अल्बमवर लिहिताना हे नाव वापरले, आणि त्याच वर्षी 'द वायर' मासिकात त्याचा विस्तार केला. वाद्ये रॉकचीच, गिटार, बास, ड्रम. पण गिटारने रिफ, म्हणजे गाणे पेलणारी छोटी ठसकेबाज सुरावट, ठोकायची नाही, आवाजाचा रंग आणि पोत तयार करायचा. म्हणून 'रॉकोत्तर' हेच बरोबर. इंग्रजी शब्दाला 'उत्तर' जोडणे खटकत असेल तर 'मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती' आठवावी. अर्थात बोलताना आणि शोधताना 'पोस्ट-रॉक'च कामाचे.

या संगीतातल्या हळूहळू चढत जाण्याला काही जण 'बढत' म्हणतात. ते तितकेसे जुळत नाही. ख्यालाच्या बढतीत एकेक स्वर उलगडत राग मोठा होतो. इथे बहुतेक वेळा एकच छोटी सुरावट फिरत राहते. वाढतात ते थर आणि आवाजाची पातळी. त्याला 'भरती' म्हणावे, कारण तिच्यामागून ओहोटीही येते. गिटारच्या दोन परिणामांनाही आपल्याकडे नेमके शब्द आहेत: रिव्हर्बला 'घुमारा', डिलेला 'पडसाद'. घुमारा सलग पसरतो, पडसाद मोजून येतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचा पडसाद ५०० मिलिसेकंदांनी.

आता 'शांत'. हा शब्द संगीताचा गुण सांगतो, आणि त्या अर्थाने पोस्ट-रॉक शांत नाही. ग्लासगोच्या मोग्वाई या बँडचे १९९७ च्या 'यंग टीम' अल्बममधले 'लाइक हेरोड' कुजबुजत सुरू होते आणि काही मिनिटांनी एकदम अंगावर येते. ऐकणाऱ्याचे जे होते त्याला मराठीत 'निवणे' हे सुरेख क्रियापद आहे. भात निवतो, तापलेले दूध निवते, जीव निवतो. निवायला वेळ लागतो, आणि या संगीतालाही. शिवाय शब्द बहुधा नसतातच. आइसलँडच्या सिगुर रोस या बँडच्या २००२ च्या अल्बममध्ये गायन आहे, पण त्यातल्या अक्षरांना अर्थ नाही, तराण्यासारखेच. त्यामुळे मनाला अर्थ लावत बसावे लागत नाही.

ऐकूनही निवत नाही, अशी तक्रार असते तेव्हा चूक बहुधा आवाज लावण्यात असते. सुरुवात हलकी, म्हणून आवाज वाढवला जातो आणि भरतीला कान दुखतात. आधी तुकड्याच्या तीन-चतुर्थांशावर जाऊन सर्वांत मोठा भाग ऐकावा, तिथे आवाज सोसेल इतका ठेवावा, मग पहिल्यापासून लावावे. लोकलमध्ये हे साधत नाही. गाडीच्या खडखडाटात हलका भाग बुडतो आणि हात पुन्हा आवाजाकडे जातो. अ‍ॅपमधले शफल (क्रम उलटापालटा करणे) आणि क्रॉसफेड (एक तुकडा दुसऱ्यात मिसळणे) बंद, दोन तुकड्यांमधली पोकळी काढणारी गॅपलेस सोय चालू. आवाज सारखा करणारी सोय प्रत्येक गाण्यावर लावली तर हलके तुकडे जोरात वाजून चढउतार सपाट होतात. ती अल्बमवर ठेवावी किंवा काढून टाकावी.

सुरुवातीला टेक्ससच्या एक्स्प्लोजन्स इन द स्काय यांचा २००३ चा पाच तुकड्यांचा अल्बम घ्यावा. पाऊण तास लागतो, शब्द एकही नाही. मॉन्ट्रियलच्या गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर यांचा २००० सालचा जोडअल्बम सुमारे ८७ मिनिटांचा आहे. तो सुट्टीच्या दिवसासाठी राखावा.