ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

नाशिकच्या सिडकोतून एका वाचक भगिनीने लिहिले आहे: “माझे वय एकसष्ट आहे. आठ महिन्यांपूर्वी यजमान गेले. अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावरही बँक, वीजबिल, गॅस, विमा हे सगळे तेच पाहत. आता पुण्यातल्या मुलाने सगळे आपल्या फोनवर घेतले आहे. सिलिंडर संपला तरी त्याला फोन करावा लागतो, आणि तो मीटिंगमध्ये असला तर सून म्हणते, ‘आई, संध्याकाळी करतो.’ बँकेचा ओटीपी तेवढा माझ्याकडे येतो, तो मी त्याला फोनवर वाचून दाखवते. दोघांनी माझ्या फोनमध्ये चौदा ॲप टाकून दिली आहेत, त्यांतले एकही मला उघडता येत नाही. मुलगा मायेचा आहे, पण स्वतःच्याच घरात पाहुणी झाल्यासारखे वाटते. या वयात हे शिकावे, की त्याच्यावर सोपवून गप्प बसावे?”

ताई, शिकावे, मात्र चौदा ॲप शिकू नयेत. तुमची खरी अडचण ॲप न येण्याची नसून, घराचे व्यवहार ज्या मोबाइल क्रमांकांना जोडलेले आहेत त्यांतला जवळजवळ एकही तुमचा नाही, ही आहे. म्हणून सुरुवात तिथून करा. गॅसचे पुस्तक घेऊन एजन्सीत जा आणि तुमचा क्रमांक नोंदवा. त्याच खेपेला मृत्यू दाखला देऊन जोडणी स्वतःच्या नावावर करण्याचा अर्जही भरा. एकदा क्रमांक तुमचा झाला की बुकिंगसाठी ॲपही लागत नाही, ठरलेल्या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला तरी काम होते. वीजबिलावर बारा अंकी ग्राहक क्रमांक असतो. त्याला तुमचा मोबाइल जोडला की बिलाचा संदेश तुम्हाला येईल. आधारला जोडलेला क्रमांक बदलायचा असेल तर आधार केंद्रात स्वतः जाऊन तो बदलून घेता येतो, त्यासाठी कोणताही कागद लागत नाही, बोटांचे ठसे आणि थोडे शुल्क पुरते.

यजमानांचे सिमकार्ड मात्र घाईने बंद करू नका. एखाद्या विसरलेल्या पॉलिसीची किंवा मुदत ठेवीची सूचना त्याच क्रमांकावर येण्याचा संभव असतो, आणि रिचार्ज न करता पडून राहिलेला क्रमांक काही महिन्यांत बंद होऊन पुढे दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. सगळे दावे निकाली निघेपर्यंत ते चालू ठेवावे.

माझी सर्वांत आग्रहाची शिफारस दोनशे पानी वहीची आहे, आणि तिच्यात काय लिहावे याचा शोध यजमानांच्या पासबुकात घ्यावा. गेल्या दीड-दोन वर्षांच्या नोंदी छापून घ्या आणि दुपारी निवांत बसून एकेक ओळ वाचा. वर्षातून एकदाच कापली गेलेली रक्कम बहुधा विम्याच्या हप्त्याची असते, तिमाहीला जमा झालेली रक्कम एखाद्या ठेवीच्या व्याजाची असू शकते, आणि मे-जूनच्या सुमारास २० रुपये कापलेले दिसले तर ती बहुधा प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असते, जिच्यात अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. (सत्तर वर्षांपर्यंत ही योजना तुम्हालाही घेता येते.) ज्या नोंदीचा अर्थ लागणार नाही तिच्यापुढे खूण करून बँकेत विचारा. वहीत प्रत्येक खात्याला एक पान द्या: बँक, शाखा, खाते क्रमांक, नामनिर्देशन कुणाचे, जोडलेला मोबाइल कोणता. पिन आणि पासवर्ड मात्र तिथे नकोत. मी स्वतः पिन डायरीत लिहून ती पर्समध्ये ठेवत असे. एकदा पर्स रिक्षात राहिली, ती मिळेपर्यंतचा दीड तास मला अजून आठवतो.

जुनी, दहा वर्षे व्यवहार न झालेली खाती असतील तर रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ हे संकेतस्थळ उपयोगी पडते. २०२३ साली सुरू झालेल्या या संकेतस्थळावर अनेक बँकांतल्या बेवारस ठेवींचा शोध एकाच ठिकाणी घेता येतो. तो शोध मुलाला घ्यायला सांगावा. असली कामे त्याच्याकडे खुशाल राहू द्यावीत.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, तरी विचारते. यजमानांच्या खात्यातले पैसे त्यांच्याच पिनने काढले जात आहेत का? पैसे तुमच्याच घरचे असले तरी तसे करू नये. खाते संयुक्त आणि ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला’ अशा प्रकारचे असेल तर ते तुम्ही स्वतःच्या नावाने चालवू शकता. नसेल तर नामनिर्देशित व्यक्तीने मृत्यू दाखल्यासह दावा करायचा असतो आणि कागद पूर्ण असल्यास बँकेने तो पंधरा दिवसांत निकाली काढायचा असतो. महापालिकेतून दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्याव्यात. तसेच यजमानांना भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून निवृत्तिवेतन मिळत असेल, तर त्याच्या निम्मे पत्नीला मिळते. त्याचा अर्ज झाला आहे की नाही, ते याच आठवड्यात पाहा.

आता ॲपकडे येते. चौदांपैकी बारा काढून टाका. एक डिजिलॉकर ठेवा, कारण तिथे उघडणारे आधार आणि पॅन मूळ कागदांइतकेच ग्राह्य मानले जातात आणि झेरॉक्सची पिशवी घेऊन हिंडावे लागत नाही. दुसरे गूगल लेन्स ठेवा. बँकेचे इंग्रजी पत्र आले की त्यावर कॅमेरा धरा, मजकूर मराठीत दिसतो. भाषांतर ओबडधोबड असते, पण पत्र धमकीचे आहे की माहितीचे, एवढे नक्की कळते. पैसे पाठवण्याचे ॲप वापरायचेच असेल तर त्यासाठी थोडीच शिल्लक असलेले वेगळे खाते ठेवा, आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, एवढे पक्के लक्षात ठेवा. फसवणूक झालीच तर शरमेने वेळ न घालवता त्याच क्षणी १९३० वर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधीच ते गोठवता येतात. निवृत्तिवेतन, कायदा किंवा नुसता एकटेपणा यांबद्दल बोलायचे असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे.

राहिला मुलगा. त्याला ओटीपी वाचून दाखवण्याची सवय मला सर्वांत धोक्याची वाटते, आणि त्याच्याशी बोलण्याची सुरुवातही तिथूनच करावी. ‘मला तुझ्यावर अवलंबून राहायचे नाही’ असे म्हटलेत तर तो दुखावेल. त्याऐवजी सांगा, “अरे, फोनवर ओटीपी सांगायची सवय मला लागली, तर उद्या तुझ्यासारखा आवाज काढून कुणी विचारला तरी मी सांगून बसेन.” हे त्याला तत्काळ पटेल, कारण ते खरे आहे. पुढच्या वेळी तो नाशिकला येईल तेव्हा फोन त्याच्या हातात देऊ नका. तुमच्या हातात ठेवा, त्याला शेजारी बसवा, तो सांगेल तसे बटण तुम्ही दाबा आणि प्रत्येक पायरी वहीत स्वतःच्या शब्दांत लिहा. मुलांना शिकवताना धीर नसतो, तो चिडेलही. तेव्हा उठून चहा ठेवा आणि पुन्हा बसा. एका भेटीत एकच काम शिकावे. पहिल्या भेटीत वीजबिल घ्या, कारण त्यात चूक झाली तरी फार बिघडत नाही, आणि महिन्याने तेच बिल पुन्हा येते, तेव्हा ते त्याला न विचारता भरून पाहता येईल.