सातशे ग्रंथ आणि साडेसहाशे ओळी

प्रश्न : ग्रीक तत्त्वज्ञान मुरलेला रोमन कवी म्हटलं की सगळे ल्युक्रेशियसचंच नाव घेतात. फारसा माहीत नसलेला दुसरा कोणी सांगाल का? आणि ते तत्त्वज्ञान त्याच्या कवितेत नेमकं दिसतं कुठे?

उत्तर : पर्शियस वाचा. माझा फार लाडका कवी आहे, त्यामुळे थोडं भरभरून लिहीन.

इसवी सन 34 मध्ये इटलीच्या एट्रुरिया प्रांतातल्या व्होलाटेरे गावी जन्म. वडील लहानपणीच गेले. बाराव्या वर्षी शिकायला रोमला आला, सोळाव्या वर्षी कॉर्न्यूटस या स्टोइक (मनावर ताबा आणि सद्गुण हेच खरं सुख मानणाऱ्या ग्रीक पंथाच्या) गुरूकडे गेला आणि मग त्याचाच होऊन राहिला. 62 साली पोटाच्या दुखण्यानं वारला, तेव्हा 28वा वाढदिवस दहा दिवसांवर होता. मागे राहिल्या सहा उपरोधिका, जेमतेम साडेसहाशे ओळी.

तत्त्वज्ञान कुठे दिसतं, तर पाचव्या कवितेत. दिवसचे दिवस आपण एकत्र घालवले, काम एक, विसावा एक, असं तो कॉर्न्यूटसला सांगतो. एवढी माया क्वचितच वाचायला मिळते. मग येतो डामा नावाचा गुलाम. गुलामाला मुक्त करायच्या रोमन रिवाजाप्रमाणे मालक त्याला धरून एक गिरकी देतो, की झाला तो मार्कस डामा, स्वतंत्र नागरिक! पर्शियस विचारतो, धनी तुझ्या आतच, रोगट काळजात जन्मले असतील, तर तू सुटलास कसा? शहाणा तेवढाच स्वतंत्र, हे स्टोइकांचं सूत्र. त्याचं तो नाटक करतो. सकाळी झोपलेल्या माणसाला लोभ हलवतो, ‘ऊठ.’ ‘नको.’ ‘ऊठ म्हणतो ना!’ कशासाठी, तर काळ्या समुद्राकडून खारवलेले मासे आणायला. शब्दकोश घेऊन या ओळींशी मी कितीतरी संध्याकाळी झटलो आहे. हा संवाद कळला त्या दिवशी पुस्तक मिटून गप्प बसून राहिलो.

तिसरीत तो सांगतो, लहानपणी केटोचं (सीझरला शरण न जाता जीव देणाऱ्या रोमन पुढाऱ्याचं) मरतानाचं भाषण पाठ करायचं टाळायला मी डोळ्यांना ऑलिव्हचं तेल लावायचो. पुढे हाच केटो स्टोइकांचा आदर्श पुरुष, म्हणून मला ही कबुली फार खरी वाटते. तिथेच तरुणाला तो म्हणतो, तू ओली, मऊ माती आहेस, आत्ताच चाकावर चढ.

मरताना त्यानं क्रिसिपस या जुन्या स्टोइक तत्त्वज्ञाचे सुमारे सातशे ग्रंथ आणि पैसे कॉर्न्यूटससाठी ठेवले. गुरूनं ग्रंथ घेतले, पैसे बहिणींना परत केले. शिष्याच्या कविता हलक्या हातानं नीट केल्या, त्या सीझियस बॅसस या कवीमित्रानं प्रसिद्ध केल्या. क्रिसिपसचा एकही ग्रंथ आज पूर्ण उरलेला नाही. या ओळी मात्र उरल्या.

भाषा गाठीगाठींची आहे, त्यामुळे पहिल्या कवितेपासून सुरुवात करू नका. आधी तिसरी, मग पाचवी, आणि टिपा असलेलीच प्रत घ्या.