वाचकांचे प्रश्न : दोन फोटोंची कार्डं आणि एलिस आयलंड

प्रश्न : शाळेच्या भूगोलाच्या कपाटात जाड पुठ्ठ्याची जुनी कार्डं सापडली. प्रत्येकावर शेजारी शेजारी दोन सारखेच फोटो, मागे इंग्रजीत माहिती. काहींवर ‘एलिस आयलंड’ (न्यूयॉर्क बंदरातलं बेट, जिथे अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी व्हायची) छापलंय. वर्गातली बरीच मुलं तेलंगणातून सोलापुरात आलेल्या विणकर घरांतली, म्हणून स्थलांतराचा पाठ यावरून घ्यायचाय. बघायचं यंत्र नाही. फोटो कधीचे, तेही कळत नाही.
– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : दोन्ही फोटोंत थोडा फरक असतो. डाव्या नि उजव्या डोळ्याला दिसेल तसा एकेक फोटो घेतलेला असतो, म्हणून एकत्र पाहिले की खोली जाणवते. अमेरिकेतली कीस्टोन व्ह्यू कंपनी असे संच खास शाळांसाठी विकायची.

बघायचं यंत्र घरी बनवता येतं. चष्मेवाल्याकडून प्लस पाच नंबरचं, ६५ ते ७० मिलिमीटर व्यासाचं गोल भिंग घ्या आणि मधोमध कापून घ्या. कापलेली जाड कड कानाकडे, पातळ कड नाकाकडे ठेवून दोन्ही तुकडे पुठ्ठ्यात बसवा. तुकड्यांच्या मध्यांत सहा सेंटिमीटर अंतर ठेवा. दोघांच्या मधे उभा पुठ्ठा लावा, म्हणजे एका डोळ्याला दुसरा फोटो दिसत नाही. कार्ड १८ ते २० सेंटिमीटरवर धरून पुढेमागे सरकवा. तुकडे उलटे बसले तर डोळ्यांना ताण पडतो आणि फोटो एक होतच नाहीत; बहुतेकांचं इथेच अडतं.

आता काळ. कार्डावर छापलेल्या सालावर विसंबू नका. त्याच काचेच्या निगेटिव्हवरून वर्षानुवर्षं कार्डं निघत. फोटोतच पाहा. एलिस आयलंडवरची सध्याची विटांची इमारत डिसेंबर १९०० मध्ये सुरू झाली. मोठ्या नोंदणी दालनात लोखंडी कठड्यांच्या रांगा असतील तर फोटो साधारण १९११ च्या आधीचा, बाकं असतील तर नंतरचा. छताला टाइल्सची कमान दिसली तर १९१८ किंवा त्यापुढचा. १९१६ मध्ये जवळच झालेल्या दारूगोळ्याच्या स्फोटात जुन्या छताचं नुकसान झालं होतं.

मुलांना एक गोष्ट जरूर सांगा : या दालनात दिसतात ते मुख्यतः तिसऱ्या वर्गाचे प्रवासी. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या लोकांची तपासणी जहाजावरच उरकायची. मागचा मजकूर मात्र शेवटी वाचायला द्या. तो माणसांना ‘अमुक देशाचा नमुना’ म्हणून दाखवतो, आणि तो आधी वाचला की मुलं गाठोडी, डोक्यावरचे रुमाल, कोटावरच्या खडूच्या खुणा बघतच नाहीत. डॉक्टरांना शंका आली की ते खडूने अक्षर काढत : डोळ्यांसाठी ई, हृदयासाठी एच, लंगडेपणासाठी एल.

कार्डं मुद्दाम किंचित वाकवलेली असतात. स्कॅनरच्या झाकणाखाली दाबून सपाट केली तर फोटोवरचा थर तडकतो. वरून सरळ कॅमेऱ्याने फोटो घ्या. रबर, चिकटपट्टी, लॅमिनेशन नको. उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत ठेवू नका. पावसाळ्यात दमट भिंतीपासून लांब ठेवा, नाहीतर कसर लागेल.