शंका-समाधान : लढाऊ विमानांची तुलना

प्रश्न : सुखोई-३० एमकेआयचा कमाल वेग माख २ (म्हणजे आवाजाच्या वेगाच्या दुप्पट), राफेलचा १.८. सुखोईची दोन इंजिनं मिळून २५ टन रेटा (पुढे ढकलणारा जोर) देतात, राफेलची जेमतेम १५. मग राफेल सरस कसं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रेटा नेहमी वजनाने भागून बघावा. रिकामं सुखोई साधारण १८.४ टनांचं, टाक्यांत ९.६ टन इंधन. एकूण २८. पंचवीसला अठ्ठावीसने भागलं की ०.८९. राफेल रिकामं १० टन, आतलं इंधन ४.७ टन, नेमका रेटा १५.३ टन भागिले वजन १४.७ म्हणजे १.०४. राफेल पुढे!

पण थांबा, सुखोई दुप्पट इंधन घेऊन निघालंय. त्यातलं निम्मं जळू द्या. वजन २३.२ टनांवर येतं, गुणोत्तर १.०८ होतं, आणि दोघांकडे इंधन जवळपास सारखंच उरतं. अर्थात तेवढ्या इंधनात सुखोई कमी वेळ उडेल, जड अंगाला जास्त लागतंच. म्हणून कुठलाही आकडा वाचला की आधी विचारायचं : टाकीत किती होतं, पंखांखाली काय टांगलं होतं?

कमाल वेगाचंही तेच. माख २ गाठायचा तर आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागच्या झोतात जादा इंधन जाळून रेटा वाढवणारी सोय) लावावा लागतो, आणि जमिनीलगत तो पूर्ण लावून ठेवला तर सुखोईच्या भरलेल्या टाक्या पाव तासाच्या आतच रिकाम्या होतील. त्यात क्षेपणास्त्रं आणि बाहेरच्या टाक्या टांगल्या की हवेचा विरोध वाढून वेग आणखी पडतो. माख २ आणि १.८ यांतल्या फरकावर लढाई ठरत नाही.

राफेल सरस ठरतं ते रडारमुळे. सुखोईच्या मूळ बार्स रडारला शक्ती पुरवणारा प्रक्षेपक एकच. तो बिघडला की रडार आंधळं. राफेलच्या रडारमध्ये शेकडो छोटे प्रक्षेपक-ग्राहक असतात, चार-दोन गेले तरी काम चालू राहतं. शत्रूचं रडार ओळखून त्याला चकवणारी स्पेक्ट्रा यंत्रणा विमानातच बसवलेली आहे. उलट, अडीच टनांचं ब्राह्मोस क्षेपणास्त्र पोटाखाली घेऊन उडायचं तर आपल्याकडे सुखोईच. तिथे राफेलचं नाव काढू नये.

प्रश्न : राफेलवरच्या मेटिऑर या हवेतून हवेत मारा करणाऱ्या क्षेपणास्त्राचा पल्ला १०० किलोमीटरहून जास्त सांगतात. म्हणजे ९० किलोमीटरवरचं विमान पडणारच ना?

उत्तर : नाही. मोठा पल्ला मिळतो तो उंचावरून, वेगात सोडल्यावर आणि लक्ष्य समोरून येत असेल तर. तेच विमान वळून पळू लागलं, तर पल्ला निम्म्याहूनही खाली येऊ शकतो. जमिनीजवळ हवा दाट, तिथे आणखी घट. बहुतेक क्षेपणास्त्रांची मोटर काही सेकंदांत जळून जाते, पुढचा प्रवास मिळालेल्या वेगावर. शेवटी वळायला जोरच उरत नाही. मेटिऑरचं रॅमजेट (समोरून येणारी हवा वापरून इंधन जाळणारं इंजिन) इंधन जपून वापरतं आणि अखेरपर्यंत ढकलत राहतं. पळणाऱ्या विमानाला त्याची खरी धास्ती आहे.

प्रश्न : तेजसला एकच इंजिन. हे धोक्याचं नाही?

उत्तर : धोका आहेच. पक्षी शिरला आणि इंजिन बंद पडलं तर दुसरं सोबतीला नाही. म्हणून धावपट्टीवरचे खडे-खिळे वेचणं, इंजिनच्या आत दुर्बीण घालून पाती तपासणं यात सूट नको. तेजसचं एफ-४०४ इंजिन मुळात हॉर्नेट या दोन इंजिनांच्या अमेरिकी लढाऊ विमानासाठी बनलेलं आहे. पण एकाच इंजिनाने विमान हलकं राहतं आणि देखभालीला एकच इंजिन उरतं. पूर्ण भरल्यावर साडेतेरा टनांच्या विमानाला ही तडजोड योग्यच आहे.